कुटुंबासाठी तंबू निवडताना काय पाहावे

दुकानात उभा करून ठेवलेला तंबू चांगलाच दिसतो. वर पक्के छत, खाली फरशी, वाऱ्याचा पत्ता नाही आणि आत कोणी झोपलेलेही नाही, अशा स्थितीत त्यात खोट सापडणे अवघडच. त्याची परीक्षा होते ती मुक्कामाच्या रात्री दोन वाजता पाऊस सुरू झाल्यावर, मुले गाढ झोपेत असताना आणि मोठ्यांना अंधारात चपला सापडत नसताना. म्हणून रंग, खिडक्या आणि पिशवीवरचे चित्र बाजूला ठेवून त्या एका रात्रीचा विचार करावा. समोरची प्रत्येक गोष्ट, मग ती शिवण असो, चेन असो वा खुंटी, त्या रात्री कशी वागेल हे पाहावे.

सुरुवात आकारापासून करावी लागते, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. ‘चार जणांसाठी’ या शब्दांचा उत्पादकाच्या लेखी अर्थ चार अरुंद अंथरुणे एकमेकांना चिकटून मावतात, एवढाच असतो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदी येते आणि सामानासाठी काहीच उरत नाही. आतून २४० सेंटिमीटर रुंद असलेल्या तंबूत सुमारे १४० सेंटिमीटर रुंदीच्या दोन हवेच्या गाद्या शेजारी शेजारी टाकताच येत नाहीत, हे साधे गणित अनेकांना मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर कळते. चार जणांच्या कुटुंबाने सहा जणांचा तंबू घेणे हे चैनीचे नसून गरजेचे आहे. खात्री करून घ्यायची असेल तर घरातील जमिनीवर खडूने आतल्या खोलीची मापे आखावीत, त्यात अंथरुणे आणि पिशव्या ठेवाव्यात आणि सगळ्यांनी खरोखर आडवे होऊन पाहावे. मुलांना हा खेळ वाटतो. मोठ्यांना पाच मिनिटांत कळून चुकते. मापे वाचताना ती आतल्या खोलीची आहेत की बाहेरच्या आच्छादनासह, हे नीट पाहावे. उतरत्या भिंतींच्या तंबूत तळाची लांबी २१० सेंटिमीटर असली तरी उंच माणसाचे डोके किंवा पावले कापडाला टेकतात, आणि टेकलेले कापड म्हणजे सकाळी ओले पांघरूण.

उंचीचा मोह मात्र आवरावा. ताठ उभे राहून कपडे बदलता येणे मुलांसह प्रवासात फार सोयीचे असते हे खरे, परंतु उंच आणि उभ्या भिंतींचा तंबू वाऱ्यात शिडासारखा फुगतो. त्यापेक्षा दारापुढे आच्छादन पुढे आलेले असेल, म्हणजे तंबूला छोटी ओसरी असेल, तर ती अधिक उपयोगी पडते. चिखलाचे बूट, ओले रेनकोट आणि मोठ्या पिशव्या तिथे राहतात व झोपायची जागा कोरडी राहते.

आता पाण्याविषयी. तंबूच्या माहितीत २००० मिमी, ३००० मिमी असे आकडे दिलेले असतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ वाढवत नेला तर तो किती उंच झाल्यावर पाणी कापडातून पलीकडे झिरपू लागते, त्याचे ते माप असते. कौटुंबिक वापरासाठी बाहेरच्या आच्छादनाला २००० ते ३००० मिमी पुरेसे असते. तळाच्या कापडाला मात्र त्याहून अधिक, शक्यतो ५००० मिमीच्या आसपास असावे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या एवढ्याशा जागेवर पावसापेक्षा कितीतरी जास्त दाब पडतो. पण या आकड्यांच्या मागे फार धावण्यात अर्थ नाही. पाणी सहसा कापडातून येत नाही. ते शिवणीतून येते. सुईने पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याला दिलेली वाट असते, आणि ती बुजवण्यासाठी शिवणीच्या आतल्या अंगाला पारदर्शक पट्टी उष्णता देऊन चिकटवलेली असते. आच्छादन उलटे करून ही पट्टी बोटाने चाचपावी. ती सरळ, सपाट आणि सलग असावी; जिथे तीन-चार शिवणी एकत्र येतात आणि जिथे दोरीसाठी कडी किंवा पट्टा शिवलेला असतो, तिथे विशेष लक्ष द्यावे. पट्टीची कड आत्ताच नखाने उचलली जात असेल तर तो तंबू परत ठेवावा. सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडावर ही पट्टी सहसा चिकटत नाही, त्यामुळे अशा तंबूच्या शिवणींना वेगळे सीलर लावावे लागते. ते उत्पादकाने लावले आहे की आपण लावायचे आहे, हे विचारून घ्यावे.

तळाचे कापड परातीच्या काठासारखे चारही बाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर वर चढवलेले असावे, आणि त्याची शिवण जमिनीलगत न येता वर यावी. बाहेरचे आच्छादन सर्व बाजूंनी जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले हवे. केवळ छतावर टोपीसारखे बसणारे आणि खालच्या जाळ्या उघड्या ठेवणारे आच्छादन कोरड्या उन्हाळ्यात हवेशीर असते; तिरक्या पावसात त्याचा काही उपयोग नाही. तळाखाली आणखी एक कापड पसरायचे असेल तर ते तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडे लहान असावे. बाहेर डोकावणारी कड पावसाचे पाणी झेलते आणि थेट आपल्या पाठीखाली आणून सोडते.

पाणी आतूनही येते, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. माझा पहिला तंबू एकाच कापडाचा होता. आकाश निरभ्र होते, पावसाचा थेंब नव्हता, तरीही पहाटे छतावरून गार थेंब चेहऱ्यावर पडू लागले आणि पांघरुणाची वरची बाजू ओलसर लागली. तंबू फाटका निघाला असे समजून मी तो परत करायला निघालो होतो. वास्तविक ते आमच्याच श्वासांचे पाणी होते: चार माणसांच्या उच्छ्वासातील आणि घामातील वाफ रात्री गार पडलेल्या कापडावर जमून थेंब झाली होती. म्हणूनच आतला हवेशीर तंबू आणि त्याच्या बाहेर काही अंतर राखून ताणलेले जलरोधक आच्छादन, अशी दुपदरी रचना कुटुंबासाठी आवश्यक मानावी. दव बाहेरच्या पदरावर जमते आणि त्याच्यावरून खाली ओघळते. त्यासाठी दोन्ही पदर एकमेकांना टेकता कामा नयेत, आणि खाली एक व वर एक असे झरोके असावेत, म्हणजे गार हवा खालून शिरते व दमट हवा वरून निघून जाते. वरच्या झरोक्याला पापणीसारखे झाकण आणि ते उचलून धरणारी छोटी काडी असेल तर पावसातही तो उघडा ठेवता येतो. पाऊस आला की सगळी तोंडे बंद करून घेण्याची आपली सवय इथे उलटी पडते.

कापड बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असते. नायलॉन हलके आणि चिवट, परंतु भिजल्यावर सैल पडते व दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर भिजून फारसे सैल होत नाही आणि ऊनही अधिक सोसते. गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला पॉलिएस्टर बरे. सुती कॅनव्हासचा तंबू आत सुखद असतो, त्यातून हवा खेळते आणि वर्षानुवर्षे टिकतो, पण तो चांगलाच जड असतो आणि ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो.

सांगाड्याकडे बारकाईने पाहावे. फायबरग्लासच्या कांबी स्वस्त असतात, पण वाकण्याची मर्यादा ओलांडली की उभ्या चिरतात, आणि त्यांची बारीक कुसळे तळहातात घुसतात. ॲल्युमिनियमची कांब बहुतेक वेळा आधी वाकते. वाकलेली कांब हाताने थोडी सरळ करून रात्र काढता येते. पोलादी दांडे भक्कम आणि जड. हवेने फुगणारे खांब उभारायला फार सोपे, मात्र त्यांचा पंप आणि एक जादा नळी जवळ असायलाच हवी. घुमटाकार तंबू खुंट्यांशिवायही उभा राहतो, म्हणून खडकाळ जागी सोयीचा. बोगद्यासारखा लांबट तंबू तेवढ्याच वजनात अधिक जागा देतो, पण खुंट्या आणि तणावे, म्हणजे ताणून बांधायच्या दोऱ्या, यांच्यावरच उभा असतो व त्याचे अरुंद तोंड वाऱ्याकडे करावे लागते. फेकताच आपोआप उघडणारे तंबू दुपारच्या सावलीपुरते ठीक आहेत.

सोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या कठीण जमिनीत पहिल्याच ठोक्याला वाकतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या घडीच्या, २० सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या खुंट्या वेगळ्या घ्याव्यात आणि त्यांचे डोके तंबूपासून बाहेर कललेले राहील अशा तिरक्या ठोकाव्यात. तणावे उजेडात चमकणारे असावेत. मुले अंधारात धावतात.

चेन एका हाताने उघडून पाहावी. एका हातात झोपाळू मूल असताना तीच वेळ येते. ती शेजारच्या झडपेचे कापड धरत असेल तर दर रात्री धरेल. सहा जणांच्या तंबूला दोन दारे असणे चांगले, म्हणजे एकाला बाहेर जायचे तर बाकीच्यांना तुडवावे लागत नाही. जाळी इतकी बारीक असावी की चिलटेही आत येऊ नयेत.

तंबूच्या आत किंवा बंद ओसरीत शेगडी, निखारे किंवा जळती चूल कधीही ठेवू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. कापडावर ‘अग्निरोधक’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ ते जळत नाही असा होत नाही.

तंबू घरी आला की पहिली उभारणी मोकळ्या जागेत भर उन्हात करावी. सर्वांनी आत जाऊन दारे लावावीत आणि शिवणींकडे पाहावे. उजेडाचा टिपका दिसला तर तिथे पट्टी सुटलेली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोष दिसला तर मुदतीत परत करता येते, म्हणून ही तपासणी पाण्याच्या नळीने भिजवून पाहण्याआधी करावी. कांबी, खुंट्या आणि दोऱ्या मोजून घ्याव्यात. मग पुन्हा गुंडाळून पिशवीत भरून पाहावे. पिशवी इतकी घट्ट असते की तंबू दुसऱ्यांदा तिच्यात जातच नाही, असा अनुभव अनेकांना येतो. तेव्हा पिशवीशी झगडण्यापेक्षा मोठी पिशवी घेणे शहाणपणाचे.

वापरलेला तंबू घ्यायचा असेल तर तो उलगडून आधी नाकाजवळ धरावा. पाणी अडवण्यासाठी कापडाला दिलेला पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. मग त्याला आंबूस वास येतो आणि कापड हाताला चिकट लागते, घड्या सोडवताना आवाज करते. अशा कापडावर नवा जलरोधक फवारा मारून काही साधत नाही, तो तंबू किती का स्वस्त असेना, सोडून द्यावा.