बाळंतपणाला जाण्यापूर्वी : अंगावर पाजण्याची तयारी

बाळंतपणाच्या पिशवीत काय भरावे, हे सांगणारी माणसे प्रत्येक घरात असतात. बाळाला अंगावर पाजण्याची तयारी कशी करावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, कारण ते आपोआप जमते असा सर्वांचा समज असतो. पहिल्या वेळी तो माझाही होता. बाळाला श्वासाचा त्रास असल्यामुळे जन्मल्याबरोबर काचेच्या पेटीत ठेवावे लागले, मी सिझेरियननंतर वेगळ्या मजल्यावर होते, आणि मला हाताने दूध काढता येत नव्हते. जवळच्या कोणालाही येत नव्हते. बाळाला वरचे दूध सुरू झाले, माझा पान्हा उशिरा आणि अपुरा आला, आणि घरी आल्यावरही पावडरचा डबा फार काळ सुटला नाही. आता पुन्हा आठवा महिना चालू आहे. ही यादी आधी स्वतःसाठी आणि मग ज्यांची वेळ जवळ आली आहे त्या सर्वांसाठी आहे. तिच्यातील बाकीचे काही राहिले तर नंतर सावरता येते. हाताने दूध काढणे मात्र बाळ होण्यापूर्वीच शिकून घ्यावे.

वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. झबली, दुपटी, लंगोट, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे, एक घट्ट उशी आणि पाण्याची बाटली पुरे. दुधाची बाटली, बूच आणि चोखणी विकत घेऊ नये, भेट आली तरी पिशवीत ठेवू नये. बाटलीतून दूध विनासायास येते आणि त्याची सवय लागलेले बाळ छातीशी कष्ट करायला नाखूश होते. दूध काढण्याचा पंपही आत्ता घेऊ नये. त्याऐवजी झाकणाची एक लहान स्टीलची वाटी आणि एक लहान गोल कडेचा चमचा घ्यावा, उकळून, कोरडा करून स्वच्छ डब्यात बंद करावा, आणि तो डबा पिशवीत सर्वांत वर ठेवावा. घरात जुने बोंडले, म्हणजे बाळाला पाजण्याचे चोचीचे लहान भांडे, असेल आणि ते नीट घासता येत असेल तर तेही चालते. वाटी-चमचा विसरू नका. हे पुन्हा सांगण्याचे कारण असे की तो लागतो तेव्हा रात्र असते आणि रुग्णालयाचे उपाहारगृह बंद असते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो. तो पंपाच्या नळीला आणि भांड्याला चिकटूनच संपतो, म्हणून या दिवसांत हातासारखे दुसरे साधन नाही. पद्धत अवघड नाही, पण वाचून येत नाही. डोळ्यांनी पाहावी लागते आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली करून पाहावी लागते. हात साबणाने धुवावेत, ताठ पण सैल बसावे, कोमट ओल्या फडक्याने स्तन शेकून हलक्या हाताने चोळावा. अंगठा वरच्या बाजूला आणि तर्जनी खालच्या बाजूला, स्तनाग्रापासून साधारण तीन-चार सेंटिमीटर मागे, काळसर भागाच्या कडेला ठेवावी. मग आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, नंतर दोन्ही बोटे एकमेकांकडे आणून दाबावे आणि सोडावे. पुन्हा मागे, पुन्हा आत, पुन्हा सैल. बोटे कातडीवर घासत पुढे आणायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचे नाही, त्याने दूध येत नाही आणि जखम होते. काही मिनिटे काहीच येत नाही. येथेच बहुतेक जणी सोडून देतात, आणि येथेच सोडायचे नसते. थेंब येऊ लागले की ते चमच्यातच धरावेत, धार मंदावली की बोटांची जागा फिरवावी, मग दुसऱ्या बाजूला जावे, आणि असे आलटून पालटून वीस ते तीस मिनिटे करावे. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे.

हे शिकायचे कोठे, तर प्रसूतिपूर्व तपासणीला जाता त्याच ठिकाणी. बाह्यरुग्ण विभागातील परिचारिकेला किंवा स्तनपान सल्लागार असेल तर तिला स्पष्ट शब्दांत विचारावे की, मला हाताने दूध काढण्याची पद्धत दाखवा. काही ठिकाणी त्यासाठी स्तनाचे कापडी नमुने असतात. गावी असाल तर आशाताईंना विचारावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात स्तनपानावरच्या ध्वनिचित्रफिती मराठीतही आहेत. त्या बाळाच्या वडिलांनी आणि जी आजी रुग्णालयात राहणार आहे तिनेही शेवटपर्यंत पाहाव्यात, कारण ऐन वेळी आई ग्लानीत असू शकते आणि तेव्हा शेजारी बसलेल्याला ठाऊक असावे लागते. एक सूचना मात्र कडक आहे. बाळ होण्यापूर्वी पद्धत समजून घ्यावी, बोटांची जागा ओळखावी, पण प्रत्यक्ष चीक काढून पाहण्याचा प्रयत्न ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. स्तनाग्र हाताळल्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते आणि त्याने कळा येऊ शकतात. वार (प्लासेंटा) खाली असलेल्या, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेल्या किंवा आधीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे झालेल्या स्त्रीने तर हे अजिबात करू नये.

एवढा आग्रह कशासाठी, हे समजले की तो मनात राहतो. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातले संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दूध तयार होण्याचा मार्ग मोकळा होतो, तो आईने काही केले नाही तरीही. पण ते किती तयार होत राहील, हे पहिल्या दिवसांत स्तन किती वेळा आणि किती रिकामे होतात यावर ठरते. उपसा होत असेल तोवरच विहिरीचे झरे मोकळे राहतात, तसेच हे आहे. बाळ छातीशी असेल तर उपसा तेच करते. बाळ पेटीत असेल, दमलेले असेल, अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा चोखता चोखता झोपत असेल, तर उपसा हातानेच करावा लागतो. शक्यतो पहिल्या तासाभरातच सुरू करून, दर दोन-तीन तासांनी, चोवीस तासांत किमान आठ वेळा, आणि रात्रीसुद्धा, कारण दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते. दोन-चार थेंब निघाले म्हणून निराश होऊ नये आणि ते फेकू तर मुळीच नये. पहिल्या दिवशी एका वेळेला लहान चमचाभर चीकही बाळाला पुरतो. ते थेंब झाकलेल्या वाटीत घालून, वाटीवर नाव आणि वेळ लिहून, पेटीपर्यंत नेण्याचे काम बाळाच्या वडिलांचे आहे. ते कोण करणार, हे आधीच ठरवा.

रुग्णालयाशी बोलणे ही दुसरी तयारी. नाव नोंदवतानाच चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. बाळ जन्मल्यावर लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवतात का? सिझेरियन झाले तर बाळ आईकडे किती वेळात आणि कोण आणून देते? बाळ पेटीत असेल तर आईने काढलेले दूध स्वीकारतात का, आणि आईला तेथे केव्हा जाऊ देतात? वरचे दूध देण्यापूर्वी आम्हाला विचारणार का? जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात मात्र २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झालेल्या असूनही तासाभरात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. म्हणजे केवळ रुग्णालयात असणे पुरेसे नाही, विचारावे लागते. पाठीत भूल दिलेली आई शुद्धीवर असते, तिला बाळ घेता येते, फक्त कोणीतरी ते धरावे लागते. वरच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करणे आणि त्याचे मोफत नमुने आयांना वाटणे १९९२ च्या कायद्याने बंद आहे, हेही ठाऊक असावे. वैद्यकीय कारणाने बाहेरचे दूध लागलेच, तर रुग्णालयाशी जोडलेली मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेले दूध मिळण्याची सोय, आहे का, हे आधी विचारावे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली अशी पेढी सुरू केली. बाहेरचे दूध चालू असतानाही आईने हाताने दूध काढणे थांबवायचे नाही. हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

पाजण्याची पकड प्रत्येक वेळी पाहावी. बाळाचे तोंड जांभईइतके मोठे उघडल्यावरच त्याला जवळ घ्यावे, आपण त्याच्यावर वाकू नये. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळसर भाग वरून अधिक व खालून कमी दिसणारा, अशी पकड बरोबर असते. बाळ स्तनाग्र चोखत नाही, त्यामागचा भाग तोंडात घेऊन दूध ओढते. म्हणून स्तनाग्र चपटे आहे एवढ्यावरून आईने हार मानू नये. दुखणे पहिल्या काही क्षणांपलीकडे राहिले तर बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. सहन करत बसू नये. सिझेरियननंतर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजले की टाक्यांवर भार येत नाही.

घरातल्या मोठ्यांशी बोलणे बाळंतपणाआधीच उरकावे, कारण नंतर बाळंतिणीच्या अंगात वाद घालण्याचे त्राण नसते. मध चाटवायचा नाही; वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साखरेचे पाणी, गुटी, वरचे पाणी यांपैकी काही नाही. चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाचे पहिले संरक्षण आहे. बाळंतिणीचे पाणी तोडायचे नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा हे सारे प्रेमाने केलेले असते आणि पोटभर खाणे तिला हवेच असते, परंतु दूध उपसले गेले नाही तर कितीही लाडू खाल्ले तरी पान्हा टिकत नाही. हे आजीला आदराने सांगावे, आणि शक्य असल्यास डॉक्टरांच्या तोंडून सांगवावे. ‘दूध पुरत नाही, बाळ रडते’ हे वाक्य घरात कोणी उच्चारण्यापूर्वी दिवसभरातले ओले लंगोट मोजावेत, असा नियम सर्वांनी मान्य करून ठेवावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे होतात आणि काळसर भाग इतका ताणला जातो की बाळाला तो धरताच येत नाही. येथे पुन्हा तेच उपयोगी पडते : पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढून पुढचा भाग मऊ करावा. ज्या स्त्रीला ते येत नाही ती या दिवशी बाटलीकडे वळते. शिकून घ्या.

बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, झोपले असेल तर उठवून. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते. दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले तर त्याच दिवशी तपासून घ्यावे, आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनाला परत यावे. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले व्हावेत. बाळ मलूल असेल, उठवूनही पीत नसेल, कावीळ पायांपर्यंत दिसत असेल, तर वाट पाहू नये. आशाताई रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवावे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरोघरच्या नवजात सेवेतून ही पद्धत देशभर गेली आहे, तिचा लाभ घ्यावा. आईला ताप, स्तनावर लाल दुखरा पट्टा असे झाले तर डॉक्टरांकडे जावे आणि पाजणे चालू ठेवावे. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० एकक, डॉक्टरांना विचारून.

नोकरीवर परतण्याविषयी थोडक्यात. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, त्यातील प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर. लेखी मागावे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस, दारात नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये. मायक्रोवेव्ह नाही, कोमट पाण्यात भांडे धरावे. पंप घ्यायचा तर या वेळी घ्यावा. त्याआधी कचेरीत हाताने काढून पाहावे, अनेकींना तेवढे पुरते.

सहा महिने फक्त अंगावरचे, पाणीही नाही. मग मऊ वरण-भात, नाचणी, भाज्या, आणि सोबत दोन वर्षे किंवा पुढेही अंगावरचे. त्याची तयारी वेगळी आहे आणि तिला अजून वेळ आहे. या आठवड्यात फक्त वाटी-चमचा उकळून ठेवावा आणि पुढच्या तपासणीला जाताना परिचारिकेला हाताने दूध काढून दाखवायला सांगावे.