बाळंतिणीच्या दुखण्यावरच्या गोळ्या: या चुका टाळा

सीमाभागात बाळंतपणाचे कागद दोन राज्यांत फिरतात. माहेर चंदगडला, बाळंतपण बेळगावात, टाके दाखवायचे खानापूरला. डॉक्टर वेगळे, मेडिकल वेगळं, गोळीचं नावही वेगळं. आतलं औषध मात्र पुष्कळदा एकच असतं, आणि सगळ्यात धोक्याची चूक तिथेच होते.

स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामोल ६५० ची गोळी दिवसातून ४ वेळा घेतली की २,६०० मिलिग्रॅम झालं. अंगदुखीवर दिलेल्या ॲसिक्लोफिनॅकच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामोल ३२५ असतंच. ती दोनदा घेतली की आणखी ६५०. त्यात सर्दीची ५०० वाली तीनदा. बेरीज ४,७५०! मोठ्या माणसाला २४ तासांत ४,००० च्या वर जायचं नाही, वजन ५० किलोच्या आत असेल तर मर्यादा त्याहून कमी. जास्त झालेलं यकृताला बाधतं, आणि ते लगेच कळतही नाही. म्हणून दवाखान्यात जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. ‘एक पांढरी गोळी चालू आहे’ एवढ्यावरून डॉक्टर तरी काय ओळखणार?

दुसरी चूक याच्या उलटी: गोळी दुधातून बाळाला जाईल म्हणून दुखणं अंगावर काढायचं. पॅरासिटामोल आणि आयबुप्रोफेन दुधात फार थोडं उतरतं; अंगावर पाजणाऱ्या आईला दोन्ही चालतात. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र टाळायची औषधं. काही जणींच्या शरीरात ती फार वेगाने बदलतात आणि बाळाला गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. घरात पडून असलेली ॲस्पिरिनही दुखण्यासाठी घेऊ नये.

पाजायला घेतलं की पोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्तच. बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आकसतं, त्याच्या त्या कळा. काही दिवसांत कमी होतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या आणि लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने कळा वाढतात.

आयबुप्रोफेनची गोळी जेवण झाल्यावरच घ्या. बीपी वाढलेलं असेल, दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊच नका. गरोदरपणात बीपी होतं हे तायी कार्डावर (गरोदर बाईच्या तपासण्या नोंदवायचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड) लिहिलेलं असतं, पण मेडिकलवाल्याला ते कुणी दाखवत नाही.

टाके फक्त शौचाच्या वेळी ठणकत असतील तर गोळी वाढवून उपयोग नाही. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची रीत अजून कित्येक घरांत आहे. मग मलावरोध होणारच. पाणी भरपूर द्या, जेवणात पालेभाजी असू द्या.

गोळी घेऊनही दुखणं रोज वाढत असेल, ताप असेल, स्रावाला घाण वास येत असेल किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तासाभरात पॅड भिजत असेल, किंवा डोकं फुटायला आलंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर थेट १०८. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं.