जुनी गाडी घेताय? आधी सीटबेल्ट ओढून बघा

लातूर-नांदेडकडं जुनी गाडी बघायला सकाळी सकाळी जा, आन् पहिलं बोनेटला हात लावा, गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनचा धूर अन् खडखड तुम्हाला कळू नये म्हणून. पुरात बुडालेली गाडी पॉलिश मारून लई चकाचक दिसती, पण सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्ट्यावर चिखलाचा डाग दिसला की विषय संपला. मीटर ४० हजार अन् पेडलचं रबर पार गुळगुळीत? डाऊट घ्या. टायरवर २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, मग गाडी २०२२ ची कशी काय? "पुणे पासिंग हाय, म्हंजी चांगलीच असणार" म्हणणाऱ्याला सर्व्हिस हिस्ट्री मागा. आरसीवर बँकेचा बोजा असंल तर एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) अन् फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) बघितल्याशिवाय इसार देऊ नका.