लिंकन आणि सम्नरची मैत्री वाचायची कशी

अब्राहम लिंकनवर वाचणारे भरपूर आहेत, पण मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर चार्ल्स सम्नर आणि त्याचं जे जमलं होतं तिकडे फार कमी लोक वळतात. तुम्हाला वळायचं असेल तर चरित्राच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका, आधी त्यांचं भांडण वाचा.

1865 चा फेब्रुवारी. यादवी युद्धात बंड केलेल्या लुइझियाना राज्याच्या नव्या सरकारला मान्यता मिळावी अशी लिंकनची फार इच्छा, आणि सम्नरचं म्हणणं की काळ्या लोकांना मताचा हक्क नाही तर असलं सरकार मला मान्यच नाही, म्हणून त्याने सिनेटमध्ये ठराव असा अडवला की मतदानच होऊ दिलं नाही. लोकांना वाटलं, झालं, यांचं फाटलं. आणि 5 मार्चला लिंकनची सम्नरला चिठ्ठी, उद्या रात्री दहाला शपथविधीच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, आमच्यासोबत चल, अर्धाच तास. सम्नर गेला, मेरी लिंकनला सोबत घेऊन आत शिरला. ही चिठ्ठी मिशिगन युनिव्हर्सिटीच्या साइटवर लिंकनच्या समग्र लेखनात फुकट वाचायला मिळते, नक्की वाचा, दोन ओळींची आहे पण मला तर सगळी मैत्री त्यातच दिसते.

मग दोघांची आवड वेगवेगळी बघून घ्या. लिंकनची शाळा सगळी मिळून वर्षभरसुद्धा झाली नव्हती, पण शेक्सपिअरची ठरावीक नाटकं त्याने पुन्हा पुन्हा वाचलेली. 17 ऑगस्ट 1863 ला त्याने जेम्स हॅकेट या नटाला पत्र लिहिलंय, त्यात मॅकबेथच्या तोडीचं काही नाही म्हणतो, आणि हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतापेक्षा त्याच्या पापी काकाचं स्वगत मला जास्त आवडतं असंही सांगतो. ते स्वगत पत्रासोबतच काढून वाचा, प्रार्थना करायला बसलेला पण करता न येणारा खुनी राजा आहे तो.

सम्नर एकदम वेगळा, हार्वर्डचा, युरोप फिरलेला. 1839 मध्ये रोममध्ये त्याने थॉमस क्रॉफर्ड या तरुण शिल्पकाराचा ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातल्या गायकाचा पुतळा, पाहिला आणि बॉस्टनला परतून वर्गणी जमवली, म्हणून तो पुतळा संगमरवरात उतरला. आज तो बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. 1856 मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या भाषणावरून सिनेटमध्येच त्याला काठीने बेदम मारलं, पुढे उपचारात वर्षं गेली आणि त्या काळात तो जुन्या एन्ग्रेव्हिंग्जच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांच्या, नादी लागला. म्युझियमच्या साइटवर त्याचं नाव टाकून शोधा, त्याने मृत्युपत्रात देऊन टाकलेली चित्रं सापडतील.

आता मॅकबेथ काढा, तिसरा अंक, दुसरा प्रवेश. इंग्रजी जड गेलं तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आधी वाचा, ते मॅकबेथवरूनच आहे. 9 एप्रिल 1865, रविवार, रिव्हर क्वीन बोटीवरून मंडळी वॉशिंग्टनला परतत होती, लिंकन तासन्‌तास मोठ्याने वाचत होता आणि ऐकणाऱ्यांत सम्नर होता. मॅकबेथने मारलेला राजा डंकन थडग्यात शांत झोपलाय, आता त्याला कुणी काही करू शकत नाही, या ओळींवर लिंकन थांबला, खुन्यालाच आपण मारलेल्या माणसाच्या झोपेचा हेवा कसा वाटतो ते सांगितलं आणि तो प्रवेश पुन्हा वाचला. तुम्हीही मोठ्याने वाचा आणि दोनदा वाचा, दुसऱ्यांदा अगदी सावकाश, कारण सहाच दिवसांनी सकाळी खुन्याच्या गोळीने लिंकन गेला तेव्हा त्याच्या उशाशी हात धरून सम्नर बसलेला होता.