कंपनीच्या शेअरमध्ये कोणाचा किती हिस्सा आहे, ते कसे वाचावे

शेअरची माहिती देणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर एखादी लिस्टेड कंपनी उघडली की किंमत आणि पी-ई यांच्या खाली कुठेतरी दोन आकडे असतात: संस्थांकडे (म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे) अमुक टक्के, आतल्या मंडळींकडे (संचालक, वरिष्ठ अधिकारी, प्रवर्तक वगैरे) तमुक टक्के. पहिला मोठा दिसला की ‘मोठ्यांचा विश्वास आहे’ आणि दुसरा घटला की ‘मालकच विकतोय’, असा अर्थ लोक लावून मोकळे होतात. त्या टक्क्यांत कोण आहे, तो तिथे कसा आला आणि आकडा कोणत्या तारखेचा आहे, हे पाहिल्याशिवाय दोन्ही निष्कर्षांना फारसा आधार नसतो. हे पाहण्यासाठी लागणारे कागद फुकट मिळतात.

१. मूळ कागद शोधा

संकेतस्थळावरचा टक्का कोणीतरी मूळ कागदांवरून जुळवलेला असतो आणि जुळवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. म्हणूनच एकाच कंपनीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

अमेरिकेत लिस्टेड कंपनी असेल तर एसईसी या नियामकाच्या ‘एडगर’ या साठ्यात जा. नव्याने बघणाऱ्याने प्रॉक्सी स्टेटमेंटपासून सुरुवात करावी. वार्षिक सभेआधी येणाऱ्या या कागदात संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि ५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेले भागधारक एकाच तक्त्यात असतात. तक्त्याइतक्याच त्याच्या तळटीपा वाचा: शेअर पत्नीच्या नावावर आहेत की ट्रस्टच्या, त्यांत अजून न वापरलेले ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क) धरले आहेत का, हे तिथेच कळते. बाकी तीन कागद पुढे येतीलच: संस्थांनी आपल्याकडचे शेअर दर तिमाहीला जाहीर करण्यासाठी १३एफ, ५ टक्क्यांची रेषा ओलांडणाऱ्यांसाठी १३डी किंवा १३जी आणि आतल्या मंडळींच्या व्यवहारांसाठी फॉर्म ४.

भारतीय कंपनीसाठी हे काम सोपे आहे. तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत प्रत्येक कंपनीला शेअरहोल्डिंग पॅटर्न द्यावा लागतो आणि तो बीएसई, एनएसईच्या संकेतस्थळांवर मिळतो. त्यात प्रवर्तक (कंपनी उभी करणारे किंवा तिच्यावर ताबा असणारे) आणि प्रवर्तक गट एकीकडे, पब्लिक दुसरीकडे. १ टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांची नावेही असतात. प्रवर्तक, संचालक वगैरेंनी एका तिमाहीत १० लाख रुपयांहून जास्त मूल्याचे व्यवहार केले की ते वेगळे जाहीर होतात.

‘पब्लिक’ म्हणजे सामान्य माणसे, असे मात्र समजू नका. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड हे सगळे पब्लिकमध्येच मोडतात. आयटीसीला प्रवर्तकच नाहीत. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही तिथली जुनी मोठी भागधारक कंपनीसुद्धा पब्लिकच्या रकान्यात बसते. दुसरा गोंधळ ‘२ लाख रुपयांपर्यंतचे भागभांडवल असलेल्या व्यक्ती’ या ओळीचा. हे २ लाख बाजारभावाने नव्हे, तर दर्शनी मूल्याने, म्हणजे शेअरच्या मूळ ठरलेल्या किमतीने मोजतात. दर्शनी मूल्य १ रुपया आणि बाजारभाव ५०० असेल, तर १० कोटी रुपयांचे शेअर बाळगणारा माणूसही या ओळीत ‘छोटा’ ठरतो.

२. टक्का कशाचा, ते बघा

समजा कंपनीचे एकूण १० कोटी शेअर आहेत. आतल्या मंडळींकडे ४ कोटी, संस्थांकडे साडेचार कोटी. एकूण शेअरच्या हिशेबाने संस्थांचा वाटा ४५ टक्के झाला. पण आतल्या मंडळींचे ४ कोटी सहसा बाजारात फिरत नाहीत. ते वगळले तर फ्री फ्लोट ६ कोटींचा उरतो आणि त्याच संस्थांचा वाटा ७५ टक्के होतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त भागाकार वेगळा. एका कंपनीचा आकडा एका पद्धतीने आणि दुसरीचा दुसऱ्या पद्धतीने घेऊन तुलना केली, तर ती तुलना कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची.

कधी कधी संस्थांचा वाटा १०० टक्क्यांच्या वर दिसतो. तेव्हा संकेतस्थळ बिघडले आहे असे नाही. एका फंडाने ५० लाख शेअर उसने दिले, उसने घेणाऱ्याने ते शॉर्ट विकले, म्हणजे भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करू या हिशेबाने विकले, आणि दुसऱ्या फंडाने विकत घेतले. आता तेच ५० लाख दोन्ही फंडांच्या यादीत येतात. गेमस्टॉपच्या बाबतीत २०२१ च्या सुरुवातीला शॉर्ट केलेले शेअर एकूण शेअरपेक्षा जास्त झाले होते. अशा वेळी संस्थांची टक्केवारी बाजूला ठेवून शॉर्ट इंटरेस्टचा, म्हणजे किती शेअर शॉर्ट विकलेले आहेत तो आकडा शोधावा.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात: छेद बदलला का? वरच्याच कंपनीने अडीच कोटी नवे शेअर काढले तर एकूण साडेबारा कोटी होतात आणि आतल्यांचा हिस्सा ४० वरून ३२ टक्क्यांवर येतो. एकही शेअर कोणी विकलेला नाही. उलट कंपनीने १ कोटी शेअरचे बायबॅक केले, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेऊन रद्द केले, आणि आतल्यांनी त्यात भाग घेतला नाही, तर त्यांचा हिस्सा ४४.४ टक्के होतो, तोही एक पैसा न घालता. म्हणून टक्के बघण्याआधी शेअरची संख्या बघायची सवय लावा.

३. संस्थांची नावे वाचा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत पहिल्या काही नावांत व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक आणि स्टेट स्ट्रीट या गुंतवणूक कंपन्या सहसा असतात. त्यांचा बहुतांश पैसा इंडेक्स फंडांचा. कंपनी निर्देशांकात आहे म्हणून त्यांना ती घ्यावीच लागते. आवडनिवडीचा प्रश्नच येत नाही. उद्या कंपनी निर्देशांकाबाहेर गेली तर इंडेक्स फंड किंमत न बघता विकतील. तेव्हा यादीतून इंडेक्सवाले बाजूला काढा आणि स्वतः निवड करून घेणारे कोण उरतात ते बघा. उरलेल्यांत एखाद्या फंडाच्या स्वतःच्या पोर्टफोलिओत ही कंपनी किती टक्के आहे, हेही तपासा. हजार कंपन्या बाळगणाऱ्या फंडाचा ०.१ टक्का आणि पंधरा कंपन्या बाळगणाऱ्याचा ८ टक्के यांना एकाच तागडीत तोलता येत नाही.

एखाद्याने ५ टक्क्यांची रेषा ओलांडली असेल तर त्याने कोणता कागद भरला ते बघा. १३जी म्हणजे ‘मला कारभारात लक्ष घालायचे नाही’; १३डी म्हणजे घालायचे आहे, किंवा निदान तो दरवाजा उघडा ठेवायचा आहे. ४ एप्रिल २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटरमधला ९ टक्क्यांहून जास्त हिस्सा जाहीर केला तो १३जी वर, आणि दुसऱ्याच दिवशी १३डी भरला. पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. १३डी भरायची मुदत पूर्वी १० दिवस होती, २०२४ पासून ती कामकाजाचे ५ दिवस झाली.

छोट्या कंपनीत एक हिशेब जरूर करा. एका फंडाकडे ३० लाख शेअर आहेत आणि रोजची सरासरी उलाढाल ३ लाख शेअरची. भाव फार न पाडता त्याला बाहेर पडायचे असेल तर रोजच्या उलाढालीच्या साधारण पाचव्या भागापलीकडे तो जाणार नाही, म्हणजे दिवसाला ६० हजार. बाहेर पडायला ५० सत्रे लागतील. तोवर भावावर वजन राहणारच, कंपनीचे निकाल कितीही चांगले येवोत.

४. आतल्या मंडळींचे व्यवहार वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

आधी ‘आतले’ कोण? अमेरिकी नियमात संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेला कोणीही. म्हणजे ११ टक्के बाळगणारा एखादा गुंतवणूक फंडही या गटात येतो, आणि काही संकेतस्थळे त्याला संस्था आणि इनसायडर अशा दोन्हीकडे धरतात. भारतात हिस्सेदारीच्या तक्त्यात आतल्यांसाठी प्रवर्तकांचा रकाना आहे. पगारी सीईओचे शेअर त्यात सहसा नसतात.

मग फॉर्म ४ उघडा. व्यवहार झाल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत तो भरावा लागतो. प्रत्येक व्यवहारापुढे इंग्रजी अक्षराचा एक संकेत असतो आणि सगळी गोम त्यात आहे. ‘पी’ म्हणजे बाजारातून स्वतःच्या पैशाने खरेदी. ‘एस’ म्हणजे विक्री. ‘ए’ म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, ‘एम’ म्हणजे ऑप्शन वापरले, ‘एफ’ म्हणजे कर भरण्यापुरते शेअर कापून घेतले, ‘जी’ म्हणजे भेट दिले. ‘ए’ आणि ‘एम’ यांना खरेदी समजणे किंवा ‘एफ’ला विक्री समजणे ही नेहमीची चूक, काही ‘इनसायडर अलर्ट’ तीच चूक रोज करतात. माझ्या मते किरकोळ गुंतवणूकदाराने ‘पी’ आधी वाचावे, मग ‘एस’, आणि बाकीच्यांवरून फक्त नजर फिरवावी.

‘एस’ दिसले तरी लगेच दचकू नका. त्याच ओळीत व्यवहारानंतर किती शेअर उरले ते लिहिलेले असते. १० लाखांतले १० हजार विकणे म्हणजे १ टक्का. घर घ्यायचे असेल, मुलांच्या शिक्षणाचा खर्च असेल, सगळी संपत्ती एकाच शेअरमध्ये अडकलेली असेल. १० लाखांतले ७ लाख विकले तर मात्र थांबून बघावे. विक्री १०बी५-१ योजनेखाली झाली का, याची खूण आता फॉर्मवरच असते. ही आधी ठरवून ठेवलेली विक्री. २०२३ पासून संचालक आणि अधिकाऱ्यांना योजना केल्यावर किमान ९० दिवस थांबावे लागते. तेव्हा विक्रीची तारीख कालची असली तरी निर्णय काही महिन्यांपूर्वीचा असतो. योजना कधी केली ती तारीख शोधा आणि त्यानंतर कंपनीकडून कोणत्या बातम्या आल्या ते लावून पाहा.

खरेदीचे वजन जास्त, कारण स्वतःच्या खिशातून पैसे घालायला भाव वाढेल या अपेक्षेशिवाय फारसे दुसरे कारण नसते. तरी रक्कम त्या माणसाच्या वार्षिक मोबदल्याशी ताडून बघा. वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्याने किरकोळ रकमेचे शेअर घेऊन बातमी छापून आणली, तर ती बातमीच त्याला हवी होती असे समजावे. वित्त अधिकाऱ्यासह तीन-चार जणांनी काही आठवड्यांत वेगवेगळी खरेदी केली असेल तर गोष्ट निराळी.

दोन दिवसांची मुदत कुठून आली, तेही सांगण्यासारखे आहे. एन्रॉनचे अध्यक्ष केनेथ ले यांनी २००१ मध्ये कंपनीकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ७ कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर कंपनीलाच परत विकले. बाजारात न विकता कंपनीला विकल्यामुळे ते तेव्हाच्या नियमानुसार लगेच जाहीर करावे लागत नव्हते. त्याच काळात ते कर्मचाऱ्यांना शेअरचे गुण सांगत होते. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने ही मुदत दोन दिवसांवर आणली. बैल गेला नि झोपा केला. पण झोपा निदान झाला.

५. मते कोणाच्या हातात आहेत?

शेअरचा हिस्सा आणि मतांचा हिस्सा एकच असेल असे नाही. मेटामध्ये ‘बी’ वर्गाच्या एका शेअरला १० मते आहेत, म्हणून मार्क झुकरबर्ग यांच्याकडे शेअर कमी असूनही निम्म्याहून जास्त मते आहेत. अल्फाबेटच्या ‘सी’ वर्गाला तर मतच नाही. अशा कंपनीत संस्थांनी ७० टक्के शेअर बाळगले तरी संचालक मंडळ बदलणे त्यांच्या हातात नसते. प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये मतांचा रकाना वेगळा असतो, तो वाचा.

६. गहाण किती?

भारतीय कंपनीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमधला प्रवर्तकांनी कर्जासाठी गहाण ठेवलेल्या शेअरचा रकाना आधी बघावा, इतका तो महत्त्वाचा आहे. सत्यम या आयटी कंपनीत प्रवर्तकांनी आपले जवळपास सगळे शेअर तारण ठेवले होते आणि भाव पडल्यावर सावकारांनी ते बाजारात विकले. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचा हिशेबातल्या घोटाळ्याचा कबुलीजबाब ७ जानेवारी २००९ रोजी आला आणि त्याच महिन्यात सेबीने गहाण शेअर जाहीर करणे सक्तीचे केले. टक्का वाचताना सावध राहा: प्रवर्तकांकडे ४० टक्के हिस्सा असेल आणि त्यातला निम्मा गहाण असेल, तर ते ‘५० टक्के’ही लिहिता येते आणि एकूण भांडवलाच्या हिशेबाने ‘२० टक्के’ही.

७. तारीख लिहून ठेवा

१३एफ भरायला तिमाही संपल्यावर ४५ दिवस मिळतात. म्हणजे मार्चअखेरचा साठा मेच्या मध्यावर दिसतो. तोवर फंडाने तो विकलाही असेल. शिवाय शॉर्ट केलेले शेअर त्यात नसतात आणि एसईसीच्या परवानगीने काही नावे काही काळ लपवताही येतात. बर्कशायर हॅथवेने चब या विमा कंपनीचे शेअर २०२३ पासून असेच घेतले आणि बाजाराला ते मे २०२४ मध्ये कळले. स्वॅप कराराने, म्हणजे शेअर स्वतः न घेता बँकेशी करार करून त्याच्या भावाचा नफा-तोटा घेण्याने, घेतलेली बाजू तर या कागदांत दिसतच नाही. मार्च २०२१ मध्ये आर्किगोस हा फंड कोसळला तेव्हा व्हायकॉमसीबीएससारख्या शेअरमधला केवढा तरी बोजा एकाच माणसाच्या फंडाचा होता, हे बहुतेकांना भाव पडल्यावर समजले.

म्हणून मोठ्या फंडाने घेतले म्हणून आपणही घेणे, हे वरातीमागून घोडे. त्यापेक्षा आठ तिमाह्यांचा साधा तक्ता करा. रकाने पाच पुरेत: आकड्याची तारीख, एकूण शेअर, आतल्यांचे शेअर, इंडेक्स फंड सोडून पहिल्या पाच संस्थांचे शेअर आणि गहाण शेअर. सगळे संख्येत लिहा, टक्के शेवटी काढा. ज्या तिमाहीत एखादा आकडा उडी मारतो, त्या तिमाहीतल्या कंपनीच्या घोषणा आणि फॉर्म ४ उघडून बघा; जिथे काहीच हललेले नाही, तिथे वेळ घालवायची गरज नाही.