सांगली-मिरजेच्या हवेत ऑर्किड: मुळं, पाणी, ऊन आणि मंडळ

आपल्याकडे ऑर्किड दोन कारणांनी जातं. एक, एप्रिल-मेच्या झळांनी. दुसरं, विकत आणल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुळं कुजून. दोष सगळे उन्हाला देतात, पण दुसऱ्या कारणाने जाणारी झाडं कितीतरी जास्त असतात, आणि ती सगळी वाचवता येतात.

घरी लावली जाणारी बहुतेक ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या जातींपासून तयार झालेली आहेत. त्यांच्या मुळांभोवती मेलेल्या पेशींचा पांढरट थर असतो. पाऊस पडला की तो थर झटकन पाणी ओढतो आणि वारा लागला की काही तासांत वाळतो. भिजणं आणि वाळणं, दोन्ही लागतं. माती घातली, किंवा शेवाळ, म्हणजे मॉस, गच्च दाबून भरलं, की आतल्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. वरची पानं मात्र महिनाभर टवटवीत दिसतात, त्यामुळे आपण आणखी पाणी घालत राहतो.

सुरुवात कशापासून

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर या पट्ट्यात पहिलं झाड डेंड्रोबियमचं घ्यावं. थायलंडकडच्या संकरित जाती, जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या, आपली उष्णता बऱ्यापैकी सोसतात. त्यांच्या जाडसर कांड्यांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे एखाद-दुसरा दिवस पाणी चुकलं तरी झाड दगावत नाही. फॅलेनॉप्सिस दिसायला सर्वांत देखणं आणि दुकानात सर्वांत जास्त मिळणारं, पण त्याच्याकडे साठवण नाही. ते दुसऱ्या वर्षी घ्यावं. व्हँडाला भरपूर उजेड आणि रोज पाणी लागतं, मुळं उघडी लोंबत असतात. ज्यांच्या घरी सकाळी कुणीतरी हमखास असतं त्यांनीच ते ठेवावं. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाचगणी-महाबळेश्वरकडे, हिवाळ्यात रात्री चांगल्या गार होतात. तिथे नोबिले गटातलं डेंड्रोबियम सुरेख फुलतं. सांगलीत ते नुसतं वाढत राहतं.

निवडताना फुलं बघू नका, मुळं बघा. कुंडी पारदर्शक असेल तर सोपं. निरोगी मूळ ओलं असताना हिरवं, कोरडं असताना चंदेरी आणि दाबलं तर टणक लागतं. कुजलेलं तपकिरी, पोकळ असतं; ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा उरतो. डेंड्रोबियम घेताना किमान तीन कांड्या आणि त्यातली एक नवी, वाढती असावी.

जंगलातून काहीही आणू नये. सीतेची वेणी आपल्या सह्याद्रीत झाडांवर दिसते, कास पठारावर हबेनारियासारख्या जमिनीतल्या आमरी, म्हणजे ऑर्किडच, पावसाळ्यात उगवतात. ऑर्किडच्या बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. जमिनीतल्या आमरी पुढेही त्या बुरशीवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात, म्हणून उपटून आणलेला कंद कुंडीत एखादा हंगाम काढतो आणि संपतो. कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथून उपटणं गुन्हाही आहे. तिथे जाऊन बघावं, फोटो काढावा, परत यावं.

कुंडी भरणं

डेंड्रोबियमला 10 ते 12 सेंमीची कुंडी पुरते. मोठी कुंडी म्हणजे जास्त वेळ टिकणारा ओलावा, म्हणजेच कूज. मातीच्या कुंडीला तळाच्या भोकाशिवाय बाजूलाही तीन-चार भोकं असावीत. भरायला लोणारी कोळसा तीन भाग, विटेचे किंवा जुन्या कौलाचे तुकडे एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. सगळे तुकडे 2 ते 3 सेंमीचे, भुकटी चाळून काढलेली. कोळसा इस्त्रीवाले वापरतात तो लाकडी. दगडी कोळसा चालत नाही. सोडण तीन दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, कारण त्यात क्षार असतात आणि तपकिरी रंगही उतरतो. मेढा-महाबळेश्वर बाजूला सोडण पूर्ण वगळा, तिथल्या पावसात ते वाळतच नाही.

झाड लावताना जुन्या कांड्या कुंडीच्या कडेला टेकवा आणि नव्या कोंबाची बाजू मोकळ्या जागेकडे ठेवा. कांडीचा बुंधा कोळशाच्या वरच राहिला पाहिजे, गाडायचा नाही. मग काठी रोवून सुतळीने बांधा. झाड हललं की नव्या मुळांची टोकं घासून मोडतात, म्हणून हे बांधणं सोडू नये. मुळं कापली असतील तर चार दिवस पाणी नाही, फक्त पानांवर हलका फवारा. कुंडी बदलायची वेळ म्हणजे नव्या कोंबाला एक-दोन सेंमीची मुळं फुटलेली दिसतात तेव्हा. साधारण दोन वर्षांनी. कोळसा क्षार धरून ठेवतो, त्यामुळे दोन वर्षांनंतर तोच पुन्हा वापरू नये.

विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसमध्ये बऱ्याचदा मधोमध मॉसचा छोटा घट्ट गोळा असतो. तो लहानपणी रोप वाढवताना घातलेला असतो आणि नंतर कधीच वाळत नाही. फुलं संपली की झाड काढून तो गोळा अलगद सोडवून टाका.

पाणी

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. काळ्या जमिनीच्या आणि वर्षानुवर्षं उसाला पाट पाजलेल्या या भागात बोअरचं पाणी खारं असणं नवं नाही. ऑर्किडच्या मुळांना क्षार फार लवकर जाळतात: आधी मुळांची हिरवी टोकं काळी पडतात, मग पानांची टोकं, आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, तो घ्या. 200 पीपीएमच्या आत आकडा असेल तर निर्धास्त वापरा. 200 ते 400 असेल तर दर पंधरा दिवसांनी कुंडीतून चांगल्या पाण्याचा भरपूर निचरा होऊ द्या. त्याच्या वर असेल तर ते पाणी ऑर्किडला नको. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार दाटलेले असतात. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं.

पावसाचं पाणी उत्तम. 10 चौरस मीटर पत्र्यावर 100 मिमी पाऊस झाला की हिशेबाने 1000 लिटर होतं. पहिले एक-दोन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, मग भरा. वीस कुंड्यांना उन्हाळ्यात दिवसाला साधारण 4 लिटर धरलं तर मार्च ते मे 370 लिटर लागतं. 200 लिटरचे दोन पिंप पुरतात. पिंपाला झाकण आणि त्याखाली डासांची जाळी हवीच.

पाणी सकाळी सहा-सातला, कुंडीतून खालून गळेपर्यंत. नुसतं वरून शिंपडण्यात अर्थ नाही. पुन्हा कधी घालायचं ते मुळं सांगतात: चंदेरी झाली की घाला, हिरवी आहेत तोवर थांबा. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या. रात्रभर राहिलं की गाभा सडतो, आणि फॅलेनॉप्सिसला वाढीचं दुसरं टोक नसतं.

ऊन आणि वर्षाचा फेर

डेंड्रोबियम, व्हँडा यांना 50 टक्क्यांच्या शेडनेटखाली, फॅलेनॉप्सिसला 75 टक्क्यांच्या, किंवा पूर्वेच्या खिडकीत. मोजमाप हवं असेल तर दुपारी पानाच्या फूटभर वर हात धरा. सावली कडक, रेखीव पडली तर फॅलेनॉप्सिससाठी ऊन जास्त; पुसट पडली तर बरोबर. गर्द हिरवी पानं बघून खूश होऊ नका, त्याचा अर्थ उजेड कमी, फूल येणार नाही. पोपटी हिरवा रंग योग्य.

मार्च उजाडला की गच्चीवर दुसरी नेट पहिलीच्या फूटभर वर बांधा. मधल्या पोकळीतून गरम हवा निघून जाते. स्लॅबवर कुंड्या ठेवू नयेत, तो रात्रीही तापलेला असतो. दोन फूट उंचीची लोखंडी मांडणी करा आणि खाली ओल्या विटा किंवा ओली पोती पसरा. सकाळच्या पाण्याशिवाय एक फवारा चारच्या सुमारास, म्हणजे अंधार पडेपर्यंत पानं वाळतात. भर दुपारी फवारलं तर पानांवर डाग पडतात. पारा 35 च्या वर गेला की फॅलेनॉप्सिस घरात आणा. कूलर असलेली खोली चांगली, फक्त झोत अंगावर नको. आणि मे महिन्यात एक खास काळजी: कळ्या असलेलं झाड आंब्याच्या अढीच्या खोलीत ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्या पिवळ्या होऊन गळतात. पिकल्या केळ्यांचंही तेच.

पावसात सांगलीला व्हँडा आणि डेंड्रोबियम उघड्यावर राहू शकतात, पण सलग तीन-चार दिवस झड लागली तर आडोशाला घ्या. साताऱ्यात आणि पश्चिमेला वर पारदर्शक पत्रा हवाच. हवा खेळती ठेवा, लहान पंखा मोठं काम करतो. पानावर पाणचट, वास येणारा डाग दिसला तर तो जिवाणूंचा असतो आणि एका रात्रीत पसरतो. डागापलीकडचा दोन सेंमी निरोगी भागही घेऊन कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा, झाड कोरडं आणि वेगळं ठेवा. दालचिनी मुळांना लावू नये, मुळं वाळतात.

द्राक्षाच्या पट्ट्यात घरोघरी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, असतं आणि ते हाताशी आहे म्हणून मारावंसं वाटतं. मारू नका. तांबं डेंड्रोबियमला सोसत नाही, कोंब काळे पडतात. तणनाशकासाठी वापरलेला पंप, कितीही धुतला तरी, ऑर्किडला वापरू नये.

ऑक्टोबरात फसगत होते. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, पावसाळाभर सावलीत असलेली दक्षिणेची गॅलरी एकदम उन्हात येते आणि चार दिवसांत पानं भाजतात. नेट आधीच बांधून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार रात्रींनी फॅलेनॉप्सिसला दांडा फुटतो, म्हणून तेव्हा त्याला खिडकीजवळच राहू द्या. रात्र 15 अंशांखाली उतरू लागली की मात्र आत.

खत आणि कीड

कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारं 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, पुरेसं आहे. वाढीच्या काळात आठवड्याला एकदा, डेंड्रोबियमला लिटरला 1 ग्रॅम, फॅलेनॉप्सिसला अर्धा. आधी साधं पाणी, मग खताचं. कोरड्या मुळांवर खत नको. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम वेगळं द्यावं. 19:19:19 मध्ये मिसळलं तर साका बसतो. थंडीत खत महिन्यावर आणा. 'फुलांचं खास खत' म्हणून जे विकतात त्याने उजेडाची कमतरता भरून निघत नाही.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानाच्या बगलेत लपते. कापसाच्या बोळ्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, आठवड्याने पुन्हा, आणि पुन्हा एकदा. उन्हाळ्यात पानाच्या मागे चंदेरी ठिपके दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. संध्याकाळच्या आधी पानांची मागची बाजू पाण्याने धुणं हाच पहिला उपाय.

मंडळ कसं चालवावं

एकट्याला या छंदात तीन अडचणी येतात: चांगली रोपं लांबून मागवावी लागतात, जात ओळखता येत नाही, आणि झाड बिघडलं तर दाखवायचं कुणाला ते कळत नाही. आठ-दहा जण जमले की तिन्ही सुटतात. पदाधिकारी, घटना, नोंदणी यांची घाई करू नका. महिन्याचा एक रविवार, सकाळी दहा ते बारा, आळीपाळीने सदस्यांच्या घरी. दुसऱ्याची गच्ची, त्याची नेट, त्याचं पाणी बघण्यातून सर्वांत जास्त शिकायला मिळतं. प्रत्येकाने एक फुललेलं आणि एक आजारी झाड आणावं. आजारी आणायला लोक संकोचतात, म्हणून जुन्या सदस्यांनी आधी आणावं.

रोपांची एकत्र मागणी सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये खोक्यात दोन दिवस बंद राहिलेलं रोप उकडून निघतं. आलेली रोपं वाटण्याआधी उघड्या मुळांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना पुरावा राहतो.

अदलाबदलीत खरा धोका विषाणूंचा आहे. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन जगभर पसरलेले आहेत. त्यांच्यावर औषध नाही आणि ते कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात. म्हणून मंडळाचा एकच कडक नियम असावा: प्रत्येक झाडाला नवं ब्लेड, किंवा पातं गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून गार केलेलं. नुसतं स्पिरिटने पुसणं पुरत नाही. आणलेलं झाड चार ते सहा आठवडे घरच्या बाकी झाडांपासून लांब ठेवावं.

वाटणी करताना कॅटलिया या मोठ्या फुलांच्या ऑर्किडच्या प्रत्येक तुकड्याला तीन-चार फुगीर कांड्या हव्यात, नाहीतर फूल दोन वर्षं लांबतं. डेंड्रोबियमच्या कांडीवर फुटलेलं पिल्लू त्याची मुळं 5 सेंमी झाल्यावरच काढा. देताना पट्टीवर जातीचं नाव, कुणाकडून आलं आणि महिना-वर्ष लिहा, साध्या शिसपेन्सिलीने. मार्कर एका उन्हाळ्यात उडतो. नाव माहीत नसेल तर 'नाव नाही' असं लिहा, अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे दहा घरांत चुकीचं जातं.

मंडळ वर्षभर टिकलं की प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेल्या रोपांची बाटली मागवा. एका बाटलीत बरीच रोपं असतात, एकट्याला नको वाटतात, दहा जणांत सहज जिरतात. बाटली उघडायला जून अखेर ते ऑगस्ट बरा, हवा दमट आणि सौम्य असते. रोपं कोमट पाण्यात सोडून मुळांना चिकटलेला आगर, म्हणजे बाटलीतला जेलीसारखा थर, पूर्ण धुवा. कणभर राहिला तरी त्यावर बुरशी धरते. मग ओलसर, सैल मॉसमध्ये, मिठाईच्या पारदर्शक डब्यात लावा. पहिला आठवडा झाकण बंद, पुढे रोज थोडं जास्त उघडत तीन आठवड्यांत काढून टाका. डबा उजेडात, पण उन्हात नाही. डेंड्रोबियम तीनेक वर्षांत फुलतं. व्हँडाला पाचाहून जास्त लागतात, तेव्हा तिची बाटली मागवण्याआधी ते सगळ्यांना सांगून ठेवा.