म्हातारं मांजर दत्तक घेताय? आधी एक खोली मोकळी करा

पिल्लू दोन दिवसांत घर डोक्यावर घेतं. दहा-बारा वर्षांचं मांजर मात्र आल्या आल्या कपाटाखाली शिरतं आणि घरचे हिरमुसतात. हिरमुसू नका, त्याचं सगळं जगच बदललंय. तुमचं काम एवढंच: त्याला वेळ द्या आणि ताटलीवर नि लिटर बॉक्सवर (शी-शूच्या ट्रेवर) नजर ठेवा.

आणण्याआधी एक खोली तयार करा. छोट्या घरात एखादा कोपरा पडदा लावून दिला तरी चालेल. एका टोकाला लिटर बॉक्स, दुसऱ्या टोकाला खाणं, पाणी जरा बाजूला. म्हातारपणी सांधे धरतात, म्हणून बॉक्सची कड बुटकी हवी. प्लॅस्टिकच्या पसरट टबाची एक बाजू चार बोटं उंचीवर कापा आणि धार पॉलिश पेपरने घासून घ्या, मस्त काम होतं. लपायला पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात जुनी गोधडी घाला. आधीच्या घरातलं एखादं फडकं मिळालं तर ते न धुता तसंच ठेवा. खिडक्या-बाल्कनीला जाळी मांजर यायच्या आधी बसवा. नुसत्या ग्रिलवर विसंबू नका.

फरशी फिनाईलने पुसणं बंद. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नाही. डांबराच्या गोळ्या आणि लिलीची फुलंही घराबाहेर. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एका गोळीने जीव जाऊ शकतो.

घरी आणल्यावर कॅरियरचं दार उघडा आणि बाजूला व्हा. ओढून काढू नका, शेजारपाजाऱ्यांना बघायला बोलवू नका. खोलीत जमिनीवर बसून आपलं काहीतरी वाचत राहा. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. जवळ आलं तर आधी बोट हुंगू द्या, मग गालावर खाजवा.

खाणं सुरुवातीला आधीचंच. बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत. लाडाने दूध देऊ नका, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. 24 तास काहीच खाल्लं नाही तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, लठ्ठ असेल तर धोका जास्त. बोका लिटरमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

पहिल्या दोन आठवड्यांत रक्त, लघवी, रक्तदाब आणि दात तपासून घ्या. भरपूर पाणी पिणं हे मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं, भरपूर खाऊनही वाळणं थायरॉइडचं. ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायच्या या गोष्टी नव्हेत.

तुमच्यासमोर निवांत खायला, अंग चाटायला लागलं की बाकीचं घर एकेक खोली करून उघडा. घरात आधीचं मांजर असेल तर दोघांची फडकी अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवू घाला, मगच भेट. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त. पलंगाला लागून एक पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा, म्हणजे उडी मारावी लागणार नाही.